तोंडी परीक्षेला काशीबाई

जितेंद्र गावडे शाळेत आला तेव्हा त्याच्या हातात दोन प्रगतिपत्रकं होती आणि मागे दोन मुलं. मुलं जुळी. सृष्टी सात मिनिटांनी मोठी, त्यामुळे घरात तिचंच चालायचं. नववीत गेल्यावर दोघं एका वर्गात नकोत, बाकावर भांडतात, म्हणून जितेंद्रनेच अर्ज देऊन तिला 'अ' तुकडीत आणि ओमकारला 'ब' तुकडीत घातलं होतं.

"मॅडम, ह्या वायच बघा," असं म्हणून तो मुख्याध्यापिका शर्मिला राणे यांच्यासमोर बसला. मग आपण ऑफिसात आहोत हे ध्यानात येऊन त्याने भाषा बदलली. "हा माझा मुलगा घरात तोंड उघडतो ते जेवायला. बोलतो तेही 'आमटी वाढ' एवढंच. त्याला मराठीच्या तोंडी परीक्षेत वीसपैकी एकोणीस. आणि ही तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस आणते, हिला बारा. माझी तक्रार नाही. फक्त घरात दोन दिवस धड जेवण होत नाहीये."

ओमकार जमिनीकडे बघत होता. सृष्टी समोरच्या भिंतीवरचा सुविचार वाचत होती आणि त्यातली वेलांटीची चूक तिला दिसत होती, पण ती सांगायची ही वेळ नव्हती.

कसालहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावर, वळणापासून थोडं आत, पेडवे गावचं हे हायस्कूल. नववीच्या दोन तुकड्या आणि मराठीचे दोन शिक्षक. 'अ' तुकडीला गंगाराम परब सर. नोकरीची एकतीस वर्षं झालेली, चार उरलेली. तोंडी परीक्षेत त्यांचा नियम सोपा होता. प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा. 'पाणी'चं 'पानी' झालं, अर्धा गेला. 'मी म्हटलं'चं 'मी बोललो' झालं, अर्धा गेला. मालवणी शब्द आला तर पूर्ण एक. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं तहसील कचेरीत मसुदे लिहीत होती, वर्तमानपत्रांत मुद्रितं तपासत होती, आणि अजूनही सरांना पत्र पाठवण्याआधी दोनदा वाचून घेत होती.

'ब' तुकडीला लिलियन डिसोझा. वय चौतीस, गेल्याच वर्षी वेंगुर्ल्याहून आलेली. आई म्हापशाची, वडील इथलेच. त्यामुळे आईशी कोंकणी, वडिलांशी मालवणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी असं करत ती वाढली, आणि चारही भाषांत तिने चुकांसाठी बोलणी खाल्ली होती. उघडलेलं तोंड पहिल्याच चुकीला बंद करायचं नाही, एवढंच तिने शिक्षिका होताना ठरवलेलं. तिच्या वर्गात अठराच्या खाली कोणी नव्हतं.

"ओमकारला एकोणीस कशाचे?" शर्मिला मॅडमनी दोघांना बोलावून विचारलं.

लिलियन म्हणाली, "तो बोलला, मॅडम. जूनपासून पहिल्यांदा बोलला."

"काय बोलला?"

"'टीचर, माका येवचा नाय.' पण पूर्ण वाक्य होतं."

परब सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे त्याला येत नाही हे त्याने नीट सांगितलं, त्याचे एकोणीस."

"तुमच्या वर्गात येत असून सांगता येत नाही सर, त्याचे बारा."

"डिसोझा मॅडम, ही मुलं उद्या बँकेत जाणार, कचेरीत जाणार. तिथे कोणी 'माका येवचा नाय' ऐकून टाळ्या वाजवणार नाही."

"आणि तिथे कोणी तीन मिनिटं 'सहलीचा अनुभव'ही ऐकून घेणार नाही."

शर्मिला मॅडम मूळच्या गणिताच्या. एकाच विषयात एकाच घरातल्या दोन मुलांना असे गुण पडावेत हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी निकाल दिला तो असा. दोन्ही तुकड्यांची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यायची. या शनिवारी परब सरांच्या पद्धतीने, पुढच्या शनिवारी डिसोझा मॅडमच्या. दोन्ही वेळा दोघांनी बसायचं आणि गुण वेगवेगळ्या कागदावर द्यायचे. "आणि एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही," त्या म्हणाल्या. "मुलांना सांगता तेच."

पहिल्या शनिवारी टेबलावर एका डब्यात चिठ्ठ्या होत्या. मुलाने चिठ्ठी उचलायची, दहा मिनिटं विचार करायचा, तीन मिनिटं बोलायचं. लिलियन परब सरांच्या शेजारी बसली. सरांच्या हातात लाल पेन, तिच्या हातात पेन्सिल.

तिला एक मान्य करावं लागलं. 'अ' तुकडीची मुलं ताठ उभी राहत होती, शब्द स्वच्छ उच्चारत होती, वाक्य सुरू केलं की संपवत होती. तिच्या 'ब' तुकडीतली अर्धी मुलं वाक्य सुरू करून अंगणात खेळायला गेल्यासारखी निघून जात होती.

ओमकारला 'माझे शेजारी' आलं.

"माझे शेजारी," तो म्हणाला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. "शेजारी आसत. आहेत."

तीन मिनिटांपैकी उरलेली अडीच मिनिटं घड्याळाने भरून काढली. लिलियनने कागदावर आठ लिहिलं आणि ते लिहिताना तिला आपल्या एकोणिसांची आठवण येऊन कानाची पाळी गरम झाली.

सृष्टीला 'सहलीचा अनुभव' आलं. तिने सूर्योदयापासून सुरुवात केली. पूर्वेला केशरी छटा पसरल्या होत्या, पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट चालला होता, बस वळणावळणाचा घाट चढत होती. कुठे अडखळली नाही. अडीच मिनिटांनी सूर्यास्त झाला आणि अविस्मरणीय दिवस संपला.

"छान बोललीस," लिलियन म्हणाली. "बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसलं होतं गं?"

सृष्टीने तिच्याकडे बघितलं, मग परब सरांकडे बघितलं.

"ते निबंधात नाही, टीचर."

परब सरांनी लाल पेनाने काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मुलं गेल्यावर ते वर्गात तसेच बसून राहिले. लिलियन कागद आवरत होती.

"तो निबंध माझा आहे," ते म्हणाले. "दोन हजार नऊ साली लिहिलेला. दर वर्षी फळ्यावर देतो."

"सहल कुठे गेली होती, सर?"

"कुठेच नाही. त्या वर्षी पुरेशी मुलं जमली नाहीत, सहल रद्द झाली होती." ते उठले. "पण निबंध चांगला आहे."

दुसऱ्या शनिवारचं काय करायचं हे लिलियनला त्या आठवड्यात वळणावर सुचलं.

ती रोज तिथे एसटीतून उतरायची. वळणाला लागूनच काशीबाईंचं घर. काशीबाई सत्तरीच्या आसपास, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी मुंबईला. एक म्हैस, चार काजू आणि रोज सारवलेलं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. गावात पर्यटक थांबायला लागले म्हणून ग्रामपंचायतीने वळणापुढे एक सार्वजनिक शौचालय बांधलं होतं आणि वळणावर खांब रोवून पाटी लावली होती. पाटीवर अक्षरं मोठी, बाण त्याहून मोठा. हा बाण आता सरळ काशीबाईंच्या खळ्याकडे दाखवत होता.

"काल एक गाडी इली," त्या लिलियनला सांगत होत्या. "सात माणसां. सगळी घायकुतीक इलली. एक बाई सरळ माझ्या न्हाणीत. मी इचारलंय, गो बाय, तू कोणाची? तर म्हणता, मावशी, पाणी येत नाही का इथे."

"ग्रामपंचायतीत सांगलास काय?"

"तीन वेळा सांगलंय. हसतत. त्येंका वाटता म्हातारी गजाली सांगता."

लिलियन हसली नाही. ती पाटीकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "काशीबाय, शनिवारी शाळेत येशात?"

शनिवारी सकाळी काशीबाई इस्त्रीची साडी नेसून, डोक्यात अबोलीचा वळेसर माळून शाळेत हजर झाल्या. त्यांना वर्गाच्या एका टोकाला खुर्ची दिली होती. दुसऱ्या टोकाला टेबलामागे परब सर.

"परीक्षा अशी आहे," लिलियनने दोन्ही तुकड्यांना सांगितलं. "काशीबाईंची एक अडचण आहे. ती त्यांच्याकडून ऐकून घ्यायची. काय विचारायचं ते विचारायचं. मग तिकडे जाऊन ग्रामसेवकांना सांगायची, अशी की त्यांनी ते काम केलं पाहिजे. ग्रामसेवक आहेत परब सर. ते मुंबईहून नवीन आलेत. त्यांना मालवणी येत नाही."

"मला?" परब सर म्हणाले. ते घरात बायकोशी, म्हशीशी आणि देवाशी मालवणीतच बोलायचे.

"आज नाही येत, सर."

परब सरांना आधी हा प्रकार पोरकट वाटला होता. पण पहिला मुलगा समोर येऊन "साहेब" म्हणाला आणि त्यांच्या अंगात काहीतरी शिरलं. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला, समोरचा रिकामा कागद उलटसुलट केला आणि वर न बघता विचारलं, "अर्ज आणलाय?"

मुलगा गडबडला. "नाही, सर. साहेब."

"मग आवक क्रमांक कशाला टाकू? तुझ्या कपाळावर?"

वर्ग खदखदून हसला. परब सर हसले नाहीत. एकतीस वर्षांत किती कचेऱ्यांत त्यांनी खेपा घातल्या होत्या, त्या सगळ्या कचेऱ्या आता त्यांच्या तोंडून बोलायला लागल्या. पाटी जिल्हा मार्गावर आहे की ग्राममार्गावर? बाण उजवीकडे वळलाय की डावीकडे, आणि कोणाच्या उजवीकडे? साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. सोमवारी सुट्टी आहे. मुलं घाम पुसत परत काशीबाईंकडे धावत होती, "काशीबाय, खांब तुमच्या जागेत हा काय रस्त्याच्या?" असं विचारून पुन्हा येत होती. शर्मिला मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या त्या तासभर तिथेच.

सृष्टीची पाळी आली. ती काशीबाईंसमोर गेली, त्यांचं म्हणणं मान डोलवत ऐकलं, काही विचारलं नाही, आणि टेबलासमोर येऊन ताठ उभी राहिली.

"मानवी जीवनात दिशादर्शक फलकांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे," ती म्हणाली. "फलक हा प्रवाशाचा मित्र असतो. परंतु आज आपण पाहतो की फलकांकडे दुर्लक्ष होत आहे."

"बरं," ग्रामसेवक म्हणाले. "मी काय करू?"

"आपण सर्वांनी फलकांची काळजी घेतली पाहिजे."

"घेऊ. पुढचा."

सृष्टी जागेवरून हलली नाही. तिला कळलं होतं की काहीतरी राहिलं आहे, पण काय ते सापडेना. खुर्चीवरून काशीबाई शेजारच्या मुलीला म्हणाल्या, आणि त्यांचं कुजबुजणं वर्गभर ऐकू गेलं, "चेडू बरा बोलता. पण लोकां माझ्या न्हाणीत घुसतत, ता सांगूक इसारला."

ओमकार सर्वांत शेवटी आला. तो काशीबाईंच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला आणि त्यांच्याशी हळू आवाजात बोलत राहिला. लिलियनने घड्याळ बघितलं. चार मिनिटं झाली, पाच झाली. पाटी किती उंच, खांब कसला, गाड्या कुठच्या बाजूने येतात, रविवारी किती. त्याने एकदा हातानेच खांब कसा फिरतो ते करून बघितलं. मग तो उठून टेबलाकडे आला.

"साहेब, त्या काशीबायच्या घराकडे बाण वळलोहा. वायच फिरवूक होयो."

"वायच म्हणजे?" ग्रामसेवकांनी वर बघितलं.

ओमकारने तोंड उघडलं आणि मिटलं. लिलियनने पेन्सिल घट्ट धरली. मालवणी शब्द आला की अर्थ विचारायचा, हे तिनेच सरांना ठरवून दिलं होतं आणि आता तिला तो प्रश्न परत घ्यावासा वाटत होता.

"वायच म्हणजे..." ओमकारने दोन बोटांत अंतर दाखवलं. "थोडा. थोडासा. असा नव्हे, असा." त्याने टेबलावरचं लाल पेन उचललं, सरांच्या समोर आडवं ठेवलं आणि एक चतुर्थांश फिरवलं. "साहेब, आता हे टोक तुमच्याकडे आहे. लोक तुमच्या घरात येतात. न विचारता येतात. काल सात आले. तुम्ही जेवताय आणि माणूस बादली शोधतोय. इतकंच फिरवलं," आणि त्याने पेन पुन्हा फिरवलं, "की ते तिकडे जातील. खर्च नाही. पाना लागेल. पाना आमच्या घरात आहे."

वर्गात कोणी हसलं नाही. परब सर टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले.

"पाना घेऊन ये," ते म्हणाले. मग आपण ग्रामसेवक आहोत हे आठवून त्यांनी चष्मा वर ढकलला. "म्हणजे, विचार करू."

त्या शनिवारचे गुण लिहिलेले कागद शर्मिला मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. ओमकारला परब सरांनी पंधरा दिले होते. लिलियनने तेरा.

शर्मिला मॅडमनी कागद अदलाबदल झालेत का ते पाहिलं. झाले नव्हते.

"तेरा कसे?" परब सरांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा चढला होता. "त्या मुलाने मला खुर्चीतून उठवलं जवळजवळ. काल सात आले, तुम्ही जेवताय. हे कुठल्या निबंधात आहे?"

"सर, 'वायच'ला अडकला तो. तुम्ही प्रेमळ होतात म्हणून थांबलात. खरा कोणी थांबला नसता. माझी अर्धी मुलं तिथेच अडली. त्यांना शब्दच नव्हते, आणि ते मी दिले नाहीत." ती कागदाचा कोपरा दुमडत होती. "मी त्यांना बोलायला लावलं आणि पुढचं शिकवायचं राहून गेलं."

"पण त्याने शब्द शोधला."

"तुम्ही मालवणी शब्दाला पूर्ण एक गुण कापता ना? 'बाण वळलोहा'."

"आज मला मालवणी येत नव्हती," परब सर म्हणाले. "मला चूक कळलीच नाही."

शर्मिला मॅडमनी सरासरी काढली. ओमकार चौदा. मग सृष्टीचा कागद. परब सर दहा, लिलियन बारा. सरासरी अकरा. तिला पहिल्यापेक्षाही एक कमी पडला होता.

सोमवारी मधल्या सुट्टीत सृष्टी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. जितेंद्र या वेळी आला नव्हता, ती एकटीच आली होती. डोळे लाल होते, पण आवाज स्पर्धेतल्यासारखा स्वच्छ.

"सर, तुम्ही शिकवलं तसंच मी बोलले."

"हो," परब सर म्हणाले.

"एकसुद्धा शब्द अशुद्ध नव्हता."

"नव्हता."

"मग अकरा का?"

परब सरांनी समोरची वही मिटली. लिलियन खिडकीशी डबा खात होती, तिने घास तसाच ठेवला. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला होता आणि त्यांच्याकडे नेहमी लाल खुणांची यादी तयार असायची. आज यादी नव्हती.

"तू अकरा मिळवलेस," ते म्हणाले. "न मिळालेले नऊ माझे आहेत. सूर्योदय कसा सांगायचा ते मी शिकवलं. समोरच्याला काय हवंय ते विचारायचं असतं, हे शिकवलं नाही. मला वाटलं, ते माणसाला आपोआप येतं."

सृष्टीला हे अपेक्षित नव्हतं. भांडायची तयारी करून आलेल्या माणसासमोर कोणी भांडलंच नाही की जसं होतं तसं तिचं झालं.

"मग आता शिकवा," ती म्हणाली.

सरांनी लिलियनकडे बघितलं. लिलियन म्हणाली, "आम्ही दोघं मिळूनही काशीबाईंइतकं नाही शिकवू शकणार. रविवारी जा त्यांच्याकडे. वही नेऊ नकोस."

सृष्टी रविवारी गेली. वही नेली नाही, पण तिच्या खिशात पेन होतं. काशीबाईंनी तिला आधी चहा दिला, मग म्हशीला पाणी दाखवायला लावलं, मग खळ्यात बसवून गावातल्या तीन पिढ्यांच्या गजाली सांगितल्या. पाटीचा विषय निघेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. तेवढ्यात एक पांढरी गाडी वळणावर थांबली. त्यातून एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन मुलं उतरली आणि बाणाच्या दिशेने घाईघाईने खळ्यात शिरली.

"ते इथे नाही," सृष्टी उठून म्हणाली. "पुढे शंभर पावलांवर, डाव्या हाताला, निळा दरवाजा."

"पण पाटी," गृहस्थ म्हणाले.

"पाटी चुकलीये. आमची चूक आहे."

ती माणसं तशीच लगबगीने गेली. काशीबाई म्हणाल्या, "बघलंस? तू उभ्या उभ्या सांगलंस आणि गेली ती. त्या दिवशी शाळेत ह्या खंय होता तुझा?"

सृष्टी पहिल्यांदा हसली. "माका म्हायत नाय, काशीबाय," ती म्हणाली, आणि तोंडातून मालवणी आली म्हणून एक गुण कापायला तिथे कोणी नव्हतं.

अर्ज तिने तिथेच, काशीबाईंकडून एक कागद मागून, पायरीवर बसून लिहिला. सहा ओळींचा. दुसऱ्या दिवशी परब सरांनी त्यात चार ठिकाणी लाल पेन लावलं. पाचव्या ठिकाणी त्यांचं आणि लिलियनचं वाजलं. सृष्टीने लिहिलं होतं, 'अनोळखी लोक काशीबाईंच्या खळ्यात येतात.'

"सरकारी कागदावर 'अंगणात' पाहिजे," सर म्हणाले.

"अंगणात कोणीही येतं, सर. खळं तिने रोज सारवलेलं असतं. वाचणारा ग्रामसेवक इथलाच आहे, त्याला ते कळायला पाहिजे."

दहा मिनिटं झाली. घंटा झाली. शेवटी सृष्टीनेच सरांच्या हातातून कागद घेतला आणि लिहिलं, 'अंगणात, म्हणजे सारवलेल्या खळ्यात.' दोघांनीही ते वाचलं आणि दोघांनाही आपण जिंकल्यासारखं वाटलं.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती. परब सरांनी आदल्या दिवशी सृष्टीला पुन्हा पुन्हा तयार केलं. आवक क्रमांक विचारला तर काय, रस्ता कोणाचा विचारलं तर काय, सोमवारी या म्हटलं तर काय. ते आणि लिलियन सभागृहाच्या मागच्या बाकावर बसले. ओमकार दाराशी उभा होता, हातात पाना घेऊन. तो कोणी आणायला सांगितला नव्हता.

सृष्टी उभी राहिली. सरपंचांनी बोल म्हटलं. ती सुरुवातीलाच अडखळली. समोर बसलेली सगळी माणसं ओळखीची होती आणि ओळखीच्या माणसांसमोर सूर्योदयापासून सुरुवात करता येत नाही. तिने काशीबाईंकडे बघितलं. काशीबाईंनी मान हलवली, म्हैस हाकताना हलवतात तशी.

"काशीबायच्या खळ्यात रविवारी मी दोन तास बसलेलंय," सृष्टी म्हणाली. "त्या दोन तासांत चार गाड्या इल्यो." मग तिने सांगितलं, कोण आले, काय म्हणाले, काशीबाई त्यांना काय म्हणाल्या. लोक आधी हसले. मग ती म्हणाली, "हसू येतं. मलाही आलं. पण त्यांच्या जागी तुमची आई असती तर तिसऱ्या खेपेला तुम्ही हसला नसता." तिने अर्ज ग्रामसेवकांना नेऊन दिला.

ग्रामसेवक तरुण होता. त्याने अर्ज वाचला, 'खळ्यात'वर एकदा थांबला आणि म्हणाला, "चूक आमचीच आहे. खांबाला खाली सिमेंट घालायला हवं होतं. परवा माणूस पाठवतो." आणि तारीख घालून सही केली.

मागच्या बाकावर परब सरांचा चेहरा उतरला. "आवक क्रमांकसुद्धा विचारला नाही," ते हळूच म्हणाले. "एवढी तयारी केली होती तिने."

"सर, काम झालं."

"झालं हो. पण वायच ताणायला हवं होतं."

लिलियनने त्यांच्याकडे बघितलं. सरांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते खिशात रुमाल शोधू लागले.

सभा संपल्यावर सगळे वळणापर्यंत चालत आले. काशीबाई पुढे, त्यांच्या बाजूला सृष्टी, मागे दोन्ही शिक्षक, आणि पाना घेतलेला ओमकार. खांबाजवळ येताच ओमकार खाली वाकून बोल्ट बघू लागला.

"ठेव रे तो पानो," काशीबाई म्हणाल्या. त्यांनी एका हाताने साडीचा पदर सावरला, दुसऱ्या हाताने खांब धरला आणि एक झटका दिला. पाटी किरकिरत फिरली. बाण रस्त्याच्या पुढच्या बाजूला गेला.

मग सृष्टीने विचारलं, "तुमका फिरवूक येता?"

"येता तर. पाच-सात वेळा फिरवलंय. म्हस अंग घासता आणि परत वळता."

"मग इतके दिवस..."

"फिरवूक माका येता गो," काशीबाई म्हणाल्या. "पण मी सांगी होतंय, आणि कोण ऐकी नाय होतो. ता कसा फिरवतलंय?"

मालवणची एसटी वळणावर आली तेव्हा लिलियनने हात केला. सर म्हणाले, त्यांना मालवणला काही काम नाही, पण बसमध्ये बोलत जाता येईल. दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका ठरवायची होती, आणि ऐकण्याला वीसपैकी किती गुण ठेवायचे यावर त्यांचं अजून जमलं नव्हतं.